डीपीचा मुद्दा

स्पर्धा सकाळी आठला ठेवली होती, कारण बारा वाजता लाइट जायची. त्या काळात आमच्या शहरात सगळंच भारनियमनाच्या वेळापत्रकावर चालायचं. पिठाची गिरणी, झेरॉक्सचं दुकान, कॉलेजातले प्रात्यक्षिकाचे तास. वीस-बावीस वर्षं झाली त्याला. शहराचं नावही तेव्हा वेगळं होतं. मी कनिष्ठ महाविद्यालयात भौतिकशास्त्र शिकवत होतो आणि त्या दिवशी अकरावी-बारावीच्या मुलांच्या जिल्हा पातळीवरच्या वादविवाद स्पर्धेत तीन परीक्षकांपैकी मुख्य परीक्षक होतो. विषय होता, लहान देशांनी अणुऊर्जा स्वीकारावी का?

विषय मीच सुचवला होता. त्याआधी दोनेक वर्षं मी अणुऊर्जेवर एक पुस्तिका लिहिली होती. साठ-सत्तर पानांची, पिवळ्या मुखपृष्ठाची. तिच्यात मला फार आवडणारं एक वाक्य होतं : अणू देशाचा नकाशा बघत नाही. म्हणजे देश लहान असो की मोठा, कोळसा नसो की तेल नसो, मूठभर इंधनात त्याची गरज भागू शकते. त्या सकाळी निदान चार मुलांनी ते वाक्य माझ्याकडं बघत म्हटलं. मला बरं वाटलं, हे कबूल करतो.

अशा स्पर्धांमध्ये अनुकूल बोलायचं की प्रतिकूल, हे चिठ्ठी उचलून ठरतं. त्यामुळं मुलं दोन्ही बाजूंची तयारी करून येतात आणि ज्या बाजूची चिठ्ठी निघेल तिच्या आवेशात बोलतात. अनुकूलवाले स्वावलंबन, प्रगती, चोवीस तास वीज असं बोलले. चोवीस तास म्हटलं की हॉलमध्ये हशा पिकायचा, कारण सगळ्यांचं लक्ष घड्याळाकडं होतं. प्रतिकूलवाल्यांनी स्फोट, किरणोत्सर्ग आणि पुढच्या पिढ्यांच्या गळ्यात पडणारा कचरा आणला. एका मुलानं तर छातीवर हात आपटत असा काही टाहो फोडला, की शेजारचे परीक्षक माझ्या कानात म्हणाले, “याला पाणी द्या, नाहीतर आपल्यालाच किरणोत्सर्ग व्हायचा.”

अकरावा क्रमांक एका मुलीचा होता. पिशोरहून आलेली, बारावी सायन्सची. चिठ्ठी प्रतिकूल निघाली होती. तिनं हातातला कागद टेबलावर ठेवला आणि हात मागं बांधून बोलायला लागली. आवाज चढवला नाही. शब्द आज मला हुबेहूब आठवत नसतील, पण मुद्दा आठवतो, कारण तो विसरण्याचा मी खूप प्रयत्न केला आहे.

“आमच्या गावात तीन डीपी होत्या,” ती म्हणाली. डीपी म्हणजे खांबांवर बसवलेला वीजवितरणाचा ट्रान्सफॉर्मर. आमच्याकडं लहान पोरसुद्धा त्याला डीपीच म्हणतं. “एक जळाली की एक आळी अंधारात जायची. मग गावानं अर्ज करकरून एक मोठी डीपी आणली. नारळ फोडला, पेढे वाटले. सगळ्यांचा लोड तिच्यावर टाकला. जुन्या दोन काढून नेल्या, एक राहिली. सहा महिन्यांनी मोठी जळाली. तेव्हा आळी नाही, अख्खं गाव अंधारात गेलं. मग सगळ्यांनी राहिलेल्या लहान डीपीवर आकडे टाकले. ती तासाभरात उडाली. लहान डीपी ट्रॅक्टरवर घालून आणता यायची. मोठीला क्रेन लागते, आणि क्रेन आमच्या तालुक्यात नव्हती. आठ दिवस आम्ही शहराच्या रस्त्याकडं बघत बसलो.”

हॉलमध्ये थोडी चुळबुळ झाली. हे काय चाललंय, असं काहींना वाटलं असावं.

“लहान देशाचं असंच होईल,” ती पुढं म्हणाली. “अणुभट्टी लहान मिळत नाही. देशाची निम्मी वीज एकाच भट्टीतून यायला लागली, तर ती बंद पडेल त्या दिवशी काय? आणि ती बंद पडणारच, कारण इंधन बदलायला तरी बंद करावी लागते. बाकीच्या लहान केंद्रांवर भार जाईल, तीही पडतील. दुरुस्त करायला माणसं दुसऱ्या देशातून येतील, त्यांच्या सवडीनं. माझे वडील लाइनमन आहेत. ते म्हणतात, मोठं मशीन आणताना ते चालेल तेव्हाचा विचार सगळे करतात, बंद पडेल तेव्हाचा कुणी करत नाही. अणुऊर्जा वाईट आहे असं मी म्हणत नाही. मी म्हणते, आधी शेजारच्या गावाशी तार जोडा. मग मोठी आणा.”

देशाऐवजी गाव म्हणाली म्हणून एक-दोघं हसले. तिच्या ते लक्षात आलं नाही. तिनं कागद उचलला आणि जागेवर जाऊन बसली.

गुणपत्रिकेत आशय, मांडणी, भाषा असे रकाने होते. आशयाला चाळीस गुण. मी छत्तीस दिले. त्या दिवशी मी दिलेले ते सगळ्यात जास्त गुण होते. का दिले, तर ऐकताना मला वाटलं की हे मी कधी वाचलेलं नाही आणि हे खोटंही वाटत नाही. स्फोटाची भीती सगळ्यांनी सांगितली होती. भट्टी शांतपणे, काही अपघात न होता नुसती बंद पडली तरी लहान देशाचं काय होईल, हे तिनं एकटीनं सांगितलं होतं. माझ्या पुस्तिकेतल्या साठ-सत्तर पानांत ते नव्हतं.

साडेअकराला स्पर्धा संपली. बेरजा चालू होत्या. संयोजक शिक्षक घाईनं माझ्याकडं आले. “सर, बाराच्या आत बक्षीस वाटप उरकायचंय, नंतर माईक बंद. बेरीज होईपर्यंत परीक्षकांचं मनोगत घेऊन टाकू का?” मी उठलो.

खरं तर निकालाच्या आधी मनोगत घेऊच नये, कारण तोपर्यंत परीक्षकाचे गुण त्याच्या हातातून गेलेले असतात, जीभ मात्र मोकळी असते. पण आमच्याकडं ही पद्धतच पडून गेली होती. बेरजेचा वेळ भरून काढायला परीक्षकाला उभं करायचं. मी उच्चारांवर बोललो, हातवाऱ्यांवर बोललो. छाती बडवणाऱ्या मुलाची हलकी थट्टा केली, ती लोकांना आवडली. हशा आला की आणखी हशा हवासा वाटतो. मग मी म्हणालो, “आणि एक लक्षात ठेवा. आजचा विषय अणुऊर्जेचा होता, डीपीचा नव्हता. डीपी जळाली तर वायरमनला बोलवायचं असतं, शास्त्रज्ञाला नाही.”

हॉल खदखदून हसला. टाळ्या पडल्या. मला ती मुलगी दिसली. ती माझ्याकडं बघत नव्हती. मागं वळून तिसऱ्या-चौथ्या रांगेतल्या एका माणसाकडं बघत होती. खाकी शर्ट घातलेला सडपातळ माणूस. सगळे हसत होते म्हणून तोही अर्धवट हसत होता.

मी खाली येऊन बसलो तेव्हा संयोजकांनी कागद माझ्यापुढं सरकवला. बेरीज झाली होती. पहिली ती मुलगी.

आता जे सांगणार आहे ते मी बायकोलासुद्धा वीस वर्षं सांगितलं नव्हतं. दोन मिनिटांपूर्वी जिला मी भर सभेत हसलो, तिचं नाव पहिलं म्हणून मी कसं पुकारणार? लोक म्हणतील, हे कसले परीक्षक. माझा मुद्दा बदलला नव्हता, तिचाही बदलला नव्हता. मधे आला होता तो फक्त मला मिळालेला हशा, आणि तो मला परत करायचा नव्हता. मी म्हणालो, “माझी पत्रिका द्या जरा. एक दुरुस्ती राहिलीय.” छत्तीसवर आडवी रेघ मारून मी शेजारी चोवीस लिहिले.

“सर, खाडाखोड झाली तर बाजूला सही लागते,” संयोजक म्हणाले. नियम होता तसा. मी सही केली.

ती तिसरी आली. पहिल्या दोघांना समुद्रकाठचं अणुवीज केंद्र दाखवायला नेणार होते. तिसऱ्याला प्रमाणपत्र. सगळं उरकलं तेव्हा बाराला पाच कमी होते, आणि लाइट जाण्याआधी काम संपवल्याबद्दल संयोजकांनी माझे आभार मानले. कागद गोळा करताना माझी पत्रिका मी माझ्याच फायलीत घातली. कुणी मागितली नाही.

व्हरांड्यात ते खाकी शर्टवाले गृहस्थ मुलीला घेऊन माझ्यापुढं आले. शर्टाच्या खिशात टेस्टर होता. ड्यूटीवर जायच्या आधी आले असावेत.

“सर, एक इचारू का?”

“विचारा.”

“ते डीपीचं चुकलं का? म्हंजे भाषण पोरीचं हाय, पर ते म्या सांगितलं व्हतं तिला.”

तिथं अजूनही सावरता आलं असतं. तिथं ना माईक होता, ना हॉल. पण मी माझ्याच सहीच्या बाजूनं बोललो. “अहो, गावातली वीज वेगळी आणि देशाची वेगळी. ते तिथं लागू होत नाही.”

“म्हंजे चुकलं.”

“चुकलंच म्हणायचं.”

ते मुलीकडं वळले. “मंग म्याच तुला चुकीचं सांगितलं, माय.”

मुलगी प्रमाणपत्राची गुंडाळी करत उभी होती. ते दोघं गेटकडं चालत गेले तेव्हा दोघांमध्ये एक माणूस मावेल एवढं अंतर होतं. येताना होतं का, ते मला माहीत नाही.

मला खरं कळायला चार दिवस लागले. सकाळी माझ्याबरोबर फिरायला येणारे एक गृहस्थ औष्णिक वीज केंद्रातून निवृत्त झालेले अभियंते होते. मी त्यांना सहज विचारल्यासारखं विचारलं. ते चालता चालता थांबले आणि हसले. “अहो, पहिला प्रश्नच तो असतो! विजेचं जाळं केवढं आणि त्यावरचं एक यंत्र केवढं. एकट्या यंत्राचा वाटा फार मोठा असेल, साधारण दहाव्या हिश्शाच्या वर गेला, तर ते पडलं की सगळं जाळं घेऊन पडतं. असा ढोबळ हिशोबच आहे आमच्याकडं. तुम्हाला कुणी सांगितलं हे?”

“वाचलं कुठंतरी,” मी म्हणालो.

त्या दिवशी पिशोरच्या कॉलेजला दोन ओळींचं पत्र टाकलं असतं तरी चाललं असतं. टाकलं नाही. आधी वाटलं, एवढ्यासाठी काय. मग वाटलं, आता उशीर झाला. पुढच्या वर्षी पिशोरकडचा एक विद्यार्थी माझ्या वर्गात आला. बोलता बोलता त्याच्याकडून कळलं, की त्या मुलीला तिथं सगळे ‘डीपी’ म्हणतात. मी विषय बदलला.

आणि याहून वाईट म्हणजे, पुस्तिकेची दुसरी आवृत्ती निघाली तेव्हा मी तिच्यात दोन पानं वाढवली. ‘लहान देशांपुढील एक अडचण’. मुद्दा तिचाच, एक मोठी भट्टी, लहान जाळं, बंद पडण्याचा दिवस, परक्यांची दुरुस्ती. फक्त डीपी काढून टाकली आणि जड शब्द घातले. ज्यांनी पुस्तिका वाचली त्यांनी नेमकी हीच दोन पानं आवडल्याचं कळवलं. मी त्यांना आभाराची पत्रं लिहिली.

एक प्रश्न मी स्वतःला फार उशिरा विचारला. ती शहरातल्या एखाद्या डॉक्टरची मुलगी असती आणि तिनं वडिलांच्या दवाखान्यातलं उदाहरण दिलं असतं, तर मी ते हसण्यावारी नेलं असतं का? तिचं आडनाव पत्रिकेवर होतं, आणि आमच्या भागात आडनावावरून जे कळतं ते मलाही कळलं होतं. मी स्वतः जमीनजुमल्याच्या घरातला. जातपात मानत नाही असं मी आयुष्यभर म्हणत आलो. त्या वाक्यात हशा नेमका कशाला पडला हे मी शोधत गेलो, तेव्हा तो वायरमन या शब्दाला पडला होता. मला माहीत होतं तिथं पडेल. याहून स्पष्ट मला लिहिता येत नाही.

गेल्या हिवाळ्यात उस्मानपुऱ्यातल्या आमच्या घरी, सकाळच्या चहाला, बायको पेपर वाचून दाखवत होती. माझी नजर आता बारीक अक्षराला पुरत नाही. “अहो, ऐका तुमच्या आवडीचं. लहान लहान अणुभट्ट्या निघणार आहेत म्हणे. मोठ्या भट्ट्या लहान देशांच्या जाळ्यांना झेपत नाहीत म्हणून.”

मी कप खाली ठेवला.

“काय झालं?”

मग मी सगळं सांगितलं. पत्रिका काढून दाखवली. तिनं चष्मा पुसून ती वाचली, उलटून मागची बाजूही बघितली. “नेमणुकीचा कागद जपावा तसा जपलात की हो,” ती म्हणाली. “जाळला का नाही मग?”

“जमलं नाही.”

“मग उद्या पिशोरला जा. स्वेटर घाला. आणि तिथं जाऊन भाषण करू नका.”

पंच्याहत्तरी ओलांडल्यापासून मला एसटीत तिकीट नाही. सकाळी लवकर निघालो, फुलंब्रीवरून पुढं पिशोरला दहाच्या आत पोचलो. स्टँडवर पानवाल्याला रिटायर झालेल्या लाइनमनचं घर विचारलं. “बौद्धवाड्यात. ज्या ओट्यावर मिक्सर पडलेले दिसतील ते घर,” तो म्हणाला.

ओट्यावर खरंच मिक्सर होते, दोन पंखे आणि एक इस्त्रीही होती. मुलीचे वडील एक मिक्सर उघडून मांडी घालून बसले होते, डोळ्यांना दोरीनं बांधलेला चष्मा. मी समोर उभा राहिलो तेव्हा त्यांनी मान वर केली आणि बराच वेळ बघितलं. मग, “जय भीम. या, बसा,” म्हणाले आणि आतून खुर्ची आणून ठेवली. “तुम्ही ते सर ना? माईकवाले.”

बावीस वर्षांपूर्वी व्हरांड्यात मी त्यांना बसा म्हणालो नव्हतो, हे मला त्या खुर्चीत बसताना आठवलं.

“मी चूक कबूल करायला आलोय,” मी म्हणालो. “तुमचा तो डीपीचा मुद्दा बरोबर होता.”

ते मिक्सरचा स्क्रू फिरवत राहिले. “व्हय. बरोबरच व्हता.”

“तुम्हाला माहीत होतं?”

“सर, तीस वर्षं खांबावर काढली म्या. दोन दिस वाटलं, चुकलं असंल, येवढा मोठा माणूस म्हणतो म्हंजे. मंग म्हणलं, मोठं मशीन बंद पडल्यावर अंधार मोठाच व्हणार. गाव असू नायतर देश असू. त्याला काय कॉलेज लागतंय का?”

“मग मुलीला सांगितलं नाही?”

“सांगितलं की. लई सांगितलं. ती म्हणली, दादा, तुम्ही गप बसा, सर म्हणले ना.” त्यांनी स्क्रूड्रायव्हर खाली ठेवला. “त्याच्या आदी दिवसातून धा येळा इचारायची. दादा हे काय, दादा ते कशामुळं. माझ्यासंगं डीपीखाली येऊन हुभी राहायची, तिची माय वरडायची. त्या दिवसापसून बंदच झालं. घरातला बोर्ड बिघडला तरी मला सांगायची नाय. सोताच उघडून बसायची. अजून बी तसंच हाय.”

“सायन्स सोडलं का तिनं?”

“सोडलं. पर ते तुमच्यामुळं नाय. मार्कं कमी पडले, आन मराठीची आवड बी व्हती तिला. उगं सगळं सोताच्या डोक्यावर घेऊ नका.” मग हसून म्हणाले, “येवढं मोठं डोकं नाय तुमचं.”

मी पत्रिका दाखवली, छत्तीसचे चोवीस दाखवले. पुस्तिकेतल्या दोन पानांचंही सांगितलं.

“छापलं बी?” त्यांना गंमत वाटली. “मंग झालं की. लोकांना तर कळलं.”

“पण तुमचं नाव घातलं नाही.”

“माझं नाव घातल्यावर कुणी घेतलं असतं व्हय ते पुस्तक?”

चहा आला. बशीत ओतून दोन घोट घेतल्यावर त्यांनी विचारलं, “मंग सर, शेवटाला ठरलं काय? लहान देशानं घ्यावी का नाय घ्यावी ती अणूची वीज?”

बावीस वर्षांत मला हा प्रश्न असा सरळ कुणी विचारला नव्हता. मी म्हणालो, मला अजूनही ती वीज वाईट वाटत नाही. कोळशाची राख ज्यांच्या अंगणात पडते त्यांना विचारावं. पण आधी मी म्हणायचो, देश लहान असला तरी घ्यावी. आता म्हणतो, लहान आहे म्हणूनच आधी तीन गोष्टी बघाव्या. ती बंद असेल त्या महिन्यात दिवे कशावर लागणार. बिघडली तर हात लावणारी आपली माणसं आहेत का. आणि कचऱ्यावर पहारा ठेवायला हा देश एवढी वर्षं जागेवर राहणार का. ज्या लहान देशांनी शेजाऱ्यांच्या जाळ्याला तारा जोडल्यात त्यांचं चालतंय. ज्यांच्या तारा गावाच्या वेशीवरच संपतात त्यांनी घाई करू नये. लहान भट्ट्या येतील म्हणतात. त्या आल्या, चालल्या, तर पुन्हा विचार करावा.

“तार जोडली की शेजाऱ्यासंगं भांडता बी येत नाय,” ते म्हणाले.

हे माझ्या कुठल्याच आवृत्तीत नव्हतं.

“पर सर, हे मला सांगून काय उपेग? मला ठाऊकच व्हतं. तिला सांगा. फुलंब्रीला शाळंत मराठी शिकवती. आन तिला येकटीला गाठून नका सांगू. तवा हॉल भरून माणसं व्हती, तुम्ही माईकवर बोललात. आता कानात येऊन सांगता व्हय?”

मी म्हणालो, तो हॉल पाडला. ती माणसं कुठं कुठं गेली.

“मंग लिव्हा. लिवता ना तुम्ही?”

म्हणून हे लिहिलं आहे. त्या स्पर्धेला जे हजर होते आणि हसले होते, त्यांच्यापैकी कुणी हे वाचलं तर त्यांनी समजावं, की ते एका खऱ्या मुद्द्याला हसले आणि त्यांना हसवणाऱ्यानं त्याच मुद्द्याला सर्वांत जास्त गुण दिले होते. पिवळ्या पुस्तिकेच्या दुसऱ्या आवृत्तीतली ती दोन पानं पिशोरच्या लाइनमनची आणि त्यांच्या मुलीची आहेत.

परतीच्या एसटीतून फुलंब्रीला उतरलो तेव्हा दोन वाजले होते. शाळा सापडली. शिक्षकांच्या खोलीत चार-पाच जण डबे आवरत होते. ती वह्यांचा गठ्ठा तपासत होती. मी ओळख सांगितली, तेव्हा तिनं पेनाचं टोपण लावलं आणि, “बसा सर,” म्हणाली. मी उभाच राहिलो. बायकोनं बजावलं होतं, तरी थोडं भाषण झालंच. सगळं सांगितलं, मोठ्यानं, खोलीतल्या सगळ्यांना ऐकू जाईल असं. माईकवर जे बोललो तेही, आणि सहीही.

“म्हणजे मॅडम, तुम्ही पहिल्या होतात!” एक शिक्षक म्हणाले.

तिनं पत्रिका हातात घेतली. छत्तीसवरच्या रेघेवरून बोट फिरवलं. “ही सही कशाची?”

“खाडाखोडीची. नियम होता.”

तिनं पत्रिका टेबलावर सपाट केली. मग म्हणाली, “नंबराचं आता काही नाही, सर. तेव्हा होतं. अणुवीज केंद्र बघायचं होतं मला. प्रतिकूल ही नुसती चिठ्ठी होती हो. आणि पालक म्हणून एकाला बरोबर नेता येणार होतं. दादांना नेणार होते मी. त्यांनी नवा शर्ट शिवायला टाकला होता.”

पालकांना नेणार होते, हे मी पार विसरलो होतो. संयोजकांनी ते तेव्हा सांगितलं होतं, आता आठवलं.

“दादांना भेटलात?”

“तिथूनच आलो.”

“काय म्हणाले?”

“मला ठाऊकच होतं, म्हणाले. तुला... तुम्हाला सांगा, म्हणाले.”

ती हसली, पण लगेच खिडकीकडं वळली. घंटा झाली. बाकीचे खडू-डस्टर घेऊन उठले. तिनं पत्रिकेची घडी घातली आणि मला न विचारता पर्समध्ये ठेवली. मीही मागितली नाही. “माझा तास आहे, सर,” म्हणून ती बाहेर पडली. चहाचं विचारलं नाही, आणि ते बरोबरच होतं.

मला चपला घालायला वेळ लागतो. बाहेर आलो तेव्हा ती व्हरांड्याच्या टोकाला, नववीच्या वर्गाच्या दाराशी उभी होती. कानाला फोन.

“दादा, जेवलात का?... नाही, सहजच. एक विचारायचं होतं. आमच्या शाळेतली पाण्याची मोटर चालू झाली ना, की सगळे पंखे हळू होतात. कशामुळं होतं ते?”

पलीकडून बराच वेळ उत्तर चाललं असावं. आत पोरांनी दंगा मांडला होता, बाकं वाजवत होती. तिनं दार हळूच ओढून घेतलं आणि फोन दुसऱ्या कानाला लावला.